सहा नऊंचा दगड

क्रेमेनोव्स्क इथल्या सातव्या कृत्रिम नीलम कारखान्यात कच्च्या मालाच्या शुद्धतेला सर्वोच्च महत्त्व दिलं जात असे. फाटकावर तसा फलक होता, उपाहारगृहात होता, आणि पुरुषांच्या शौचालयात तर दोन होते. शुद्धतेसाठी एक स्वतंत्र उपसंचालक होता, एक सल्लागार मंडळ होतं आणि दर गुरुवारी साडेतीनला एक बैठक होती. एवढं सगळं असल्यावर कच्चा माल शुद्ध असण्याची तशी गरज उरली नव्हती, आणि तो नव्हताही.

कच्चा माल म्हणजे ॲल्युमिनाची पांढरी भुकटी. ती रेल्वेने कागदी पिशव्यांतून यायची आणि प्रत्येक पिशवीवर निळ्या शाईत ९९.९९ टक्के असं छापलेलं असायचं. कारखान्याच्या बोलीत याला ‘चार नऊ’ म्हणत. पाच नऊ म्हणजे त्याहून शुद्ध. सहा नऊ म्हणजे थेट देवाघरचं. आणि देव सरकारी हिशेबात नसल्यामुळे सहा नऊही कुणी पाहिलेले नव्हते. या पिशव्या जिथे छापत तो छापखाना भुकटीच्या कारखान्यापासून नऊशे किलोमीटरवर होता. म्हणजे शुद्धता आधी ठरायची आणि भुकटी मागाहून भरायची. वरातीमागून घोडं, पण त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

चार नंबरच्या भट्टीवर पंक्रात येगोरोविच झाबोलोत्नी हा कारागीर सव्वीस वर्षं उभा होता. भुकटी दोन हजार अंशांवर वितळवायची, त्या रसाला बोटाएवढ्या स्फटिकाचं बीज हलकेच टेकवायचं, आणि मग सोळा दिवस तो थेंब थेंब वाढताना बघत बसायचं. जरा घाई केली की तीस किलोचा दगड उभा तडकतो. दूध उतू जायला आलंय हे बाईला पाठमोरी असताना कळतं, तसं भट्टीचं मन पंक्रातला कळायचं. हात असा, की मंत्रालयातले लोकही त्याला नावानिशी ओळखत. दगड मात्र दरवेळी निघायचा दुधाळ, पातळ ताकासारखा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पंक्रात झुपकेदार मिशीवरून बोट फिरवायचा, खांदे उडवायचा आणि पुढची भट्टी लावायचा. सव्वीस वर्षांत त्याने एक तक्रार केली नव्हती. तक्रार करणाऱ्यांचं काय होतं हे त्याने सव्वीस वर्षं पाहिलं होतं.

घोडं अडलं ते घरी. त्याची बायको उस्तिन्या हिचा उजवा डोळा केव्हाच गेला होता, आणि आता डाव्यावर मोतीबिंदू पसरला होता. ती बीट कोणतं आणि कांदा कोणता हे वासावरून ओळखून सूप शिजवायची. तरी शेजारणीला “तुझे पडदे मळलेत गं, धू की जरा!” असे टोमणे मारायचं तिने सोडलं नव्हतं, आणि गंमत म्हणजे पडदे खरोखरच मळलेले असत.

पंक्रात तिला प्रांताच्या नेत्ररुग्णालयात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टर सलामातिना म्हणजे काडीसारख्या बारीक आणि मिरचीसारख्या तिखट. त्यांनी डोळा पाहिला आणि हात धुतले.

“या डोळ्याला पोलादी पातं चालायचं नाही,” त्या म्हणाल्या. “फार नाजूक आहे. नीलमाचं पातं लागेल. ती पाती आम्ही खाली तळघरात घासून घेतो. दगड तुमच्याच कारखान्याचा येतो. हे बघा.”

त्यांनी पंक्रातच्या तळहातावर नखाएवढं पातं ठेवलं. ते दुधाळ होतं आणि त्याची धार उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती.

“हे डोळ्यात असताना कपचा उडाला तर? मी नाही असली पाती वापरत. स्वच्छ दगड आणा, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करते. पण हिवाळ्याच्या आत. नंतर हाही डोळा हातचा गेला समजा.”

“हा दगड कोणत्या भट्टीचा?” पंक्रातने विचारलं.

डॉक्टरांनी डबीचं झाकण उलटं करून वाचलं. “चार नंबर.”

दुसऱ्या दिवशी पंक्रातने आयुष्यातला पहिला अर्ज लिहिला. अर्ज एका वाक्याचा होता: ‘स्वच्छ स्फटिक हवा असेल तर सर्वांत आधी शुद्ध कच्चा माल हवा.’ खाली सही, भट्टी क्रमांक, तारीख.

अर्ज आधी प्रयोगशाळेत गेला. प्रयोगशाळेच्या प्रमुख रिम्मा कोन्द्रात्येव्ना या हुशार बाई होत्या, आणि हुशार असल्यामुळे गप्प असत. त्यांनी पिशवीतली चिमूटभर भुकटी यंत्रात घातली.

“तीन नऊ,” त्या म्हणाल्या, “आणि तिसरा लंगडा. लोखंड आहे, सोडियम आहे, आणि हे... हे बहुधा सिमेंट आहे, पंक्रात येगोरोविच.”

“मग तसं लिहा की बाई!”

“कुठे लिहू?” त्यांनी छापील अर्ज पुढे सरकवला. त्यावर खूण करायला दोन चौकोन होते. एक ‘अनुरूप’, दुसरा ‘पूर्णतः अनुरूप’.

“आणि माल अनुरूप नसला तर?”

“तर ‘अनुरूप’. चांगला असला तर ‘पूर्णतः अनुरूप’.”

“पूर्णतःवर कधी खूण केलीत?”

“दरवेळी. नुसत्या ‘अनुरूप’वर केली की वरून विचारणा येते, कमी का म्हणून.” त्यांनी पेन उचललं आणि सिमेंटसकट सगळ्या पिशवीला पूर्णतः अनुरूप ठरवलं. “माफ करा हं. मला दोन वर्षांनी निवृत्त व्हायचंय.”

तरीही अर्ज हा अर्ज असतो. तो संचालक आफ्रिकान लुक्यानोविच यांच्या टेबलावर पोहोचला. संचालक हा गुबगुबीत, प्रेमळ माणूस. आयुष्यात त्याने कुणाला नाही म्हटलं नव्हतं, आणि कुणाचं काम केलंही नव्हतं. त्याने गुरुवारची बैठक बुधवारी घेतली, यावरून प्रश्नाचं गांभीर्य लक्षात यावं.

“कॉम्रेड्स,” तो म्हणाला, “आपण शास्त्रीय पद्धतीने जाऊ. पिशवीवर चार नऊ छापलेले आहेत. म्हणजे माल शुद्ध आहे. स्फटिक दुधाळ निघतो. म्हणजे घाण पिशवी आणि स्फटिक यांच्या मध्ये कुठेतरी शिरते. आता मला सांगा, मध्ये कोण असतं?”

सगळ्यांनी माना वळवून पंक्रातकडे पाहिलं.

झालं! ‘शुद्धता पंधरवडा’ जाहीर झाला. फरशी दिवसातून तीनदा सोड्याने धुतली जाऊ लागली. भट्टीपाशी शिंकायला लेखी परवानगी लागू लागली. कारखान्याची मांजर मार्फुश्का हिच्यावर केस गाळल्याचा ठपका आला आणि ठराव करून तिला बडतर्फ करण्यात आलं. दोघे तटस्थ राहिले, आणि पुढे त्या दोघांचीही चौकशी झाली. शेवटी पाळी आली पंक्रातच्या मिशीवर. उपसंचालकाने भिंग घेऊन ती तपासली आणि ‘कच्च्या मालाच्या थेट वर टांगलेला अनियंत्रित तंतुमय पदार्थ’ अशी तिची नोंद केली.

“अहो, पण सव्वीस वर्षं आहे ती!” पंक्रात कळवळला.

“आणि सव्वीस वर्षं स्फटिक दुधाळ निघतोय,” उपसंचालक म्हणाला. “संबंध तुम्हीच लावा.”

न्हावी भट्टीपाशीच आणला होता. त्या संध्याकाळी उस्तिन्याने सवयीने नवऱ्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि ती किंचाळलीच.

“कोण रे तू? पंक्रात कुठाय?”

“मीच आहे गं बाई.”

“तू? आणि ही काय सोललेली बटाट्याची साल लावून आलायस तोंडाला?” ती कितीतरी वेळ त्याचा वरचा ओठ चाचपत राहिली. मग हळूच म्हणाली, “माझ्या डोळ्यासाठी ना? असू दे. मला दिसायला लागेल तोवर परत वाढवून ठेव.”

पंधरवड्यात भट्टी लागली आणि सोळा दिवसांनी स्फटिक निघाला. तो जसाच्या तसा दुधाळ होता, फक्त सोड्यामुळे जरा करडी झाक आली होती. अहवालात लिहिलं गेलं की, पूर्वी दुधाळपणा कुठे कमी, कुठे जास्त असे. पंधरवड्याच्या यशस्वी अंमलबजावणीनंतर तो सर्वत्र समान झाला आहे. संचालकाला त्याबद्दल मानपत्र मिळालं.

इथे गोष्ट संपायची, पण मुख्य तंत्रज्ञ इनोकेंती वालेरियानोविच पुढे सरसावला. या तरुणाला विज्ञानाची पदवी होती आणि, त्या कारखान्यात दुर्मिळ गोष्ट, ती ज्या प्रबंधासाठी मिळाली तो त्याने स्वतः वाचलाही होता.

“स्फटिक वाढताना घाण आपोआप खालच्या रसात ढकलतो,” त्याने फळ्यावर आकृती काढली. “म्हणजे दगड कितीही दुधाळ निघाला तरी तो ज्या भुकटीतून निघाला तिच्यापेक्षा शुद्धच असतो. तेव्हा दगड फोडा, दळा, आणि तोच परत भट्टीत घाला. प्रत्येक फेरीत एक पायरी वर.”

हे शंभर टक्के खरं होतं. पंक्रातला त्या पोराचा मुका घ्यावासा वाटला. त्याला स्वतःलाही ही युक्ती ठाऊक होती, पण तो कारागीर पडला. कारागिराला ठाऊक असलेल्या गोष्टीला फळा नसतो.

संचालकालाही कल्पना आवडली, वेगळ्या कारणाने. “म्हणजे,” त्याने सावकाश विचारलं, “आपण एक दगड बनवला की तो उत्पादनात धरायचा?”

“अर्थात.”

“आणि फोडला की तोच अतिशुद्ध कच्चा माल म्हणून धरायचा?”

“हो.”

“आणि त्याचा परत दगड झाला की...”

“परत उत्पादन.”

आफ्रिकान लुक्यानोविच खुर्चीतून उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि त्याने इनोकेंतीला मिठी मारली. त्याचे डोळे खरोखर पाणावले होते. चाळीस वर्षं ही माणसं वार्षिक लक्ष्याच्या मागे ऊर फुटेस्तोवर पळत होती, आणि इतकी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती.

पुढच्या फेरीत पंक्रातच्या भट्टीतून जो दगड निघाला तो पूर्वीसारखा ताक नव्हता. धुक्यातून पलीकडचा कंदील दिसावा इतपत तो आरपार दिसत होता. पंक्रातने त्यावर हात ठेवला. ऊब होती अजून. रुग्णालयाला हा नक्की चालेल, त्याला वाटलं. पाती होतील याची.

पण कारखान्याला आता चटक लागली होती. नऊच्या नऊ भट्ट्यांचे दगड दळायचा हुकूम सुटला. ‘अतिशुद्ध दळण विभाग’ स्थापन झाला, त्यात चाळीस माणसं, एक बॅण्डपथक आणि विजयाचं फिरतं निशाण. फाटकातून एकही दगड बाहेर पडेनासा झाला, आणि कारखान्याचं उत्पादन मात्र लक्ष्याच्या दुप्पट, मग तिप्पट झालं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं आपण म्हणतो. इथे खायला कुत्रंसुद्धा नव्हतं. पीठ सरळ परत जात्यात जात होतं.

नेत्ररुग्णालयाचं पत्र आलं: तीन महिने दगड नाही, पाती संपत आलीत, काय ते कळवा. कारखान्याने तत्परतेने उत्तर धाडलं: ‘आपल्याला पाठवायच्या स्फटिकाचा दर्जा उंचावण्याचे काम चालू असल्यामुळे आपल्याला स्फटिक पाठवता येत नाही. दर्जा पुरेसा उंचावल्यावर दर्जा आणखी उंचावण्याबाबत निर्णय घेण्यात येईल.’

पंक्रात संचालकाकडे गेला. “मला तो धुक्यासारखा दगड तरी द्या. रुग्णालयाला पाठवा. बायकोचा डोळा चाललाय माझ्या.”

“अरेरे!” संचालक मनापासून हळहळला. “कालच आले असतात तर! तो दगड आम्ही जात्याला दिला.”

“दळला?”

“छे छे, दळलेला नाही. जात्याचा जबडा पोलादी होता ना, त्याचं लोखंड पिठात उतरत होतं. रिम्मा कोन्द्रात्येव्नांनी दाखवून दिलं. मग इनोकेंती म्हणाला, शुद्ध माल दळायला जबडाही तितकाच शुद्ध हवा. तेव्हा तुमच्या दगडाचा जबडा केला. फार सुंदर झालाय हो, येऊन बघा एकदा!”

“पण तोच पाठवला असता तर चाललं असतं की!”

“पंक्रात येगोरोविच,” संचालकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, “‘चाललं असतं’ने देश चालत नाही.”

बर्च झाडांची पानं पिवळी पडायला लागली होती. पंक्रातने कारखान्यातला सगळ्यात चांगला दळलेला माल मागून घेतला, नीलमाच्या जबड्याने दळलेला, आणि भट्टी लावली. सोळा दिवस तो तिथून हलला नाही. काळा पाव आणि खारवलेली काकडी खायची, आवाज ऐकायचा, कणभर ताप कमी, कणभर जास्त. दुसरे कारागीर येऊन दारातूनच बघून जात. “येगोरिच, जरा टेक तरी,” असं एकजण म्हणाला, तर पंक्रातने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो टोपी काढून उभाच राहिला.

सतराव्या दिवशी भट्टी उघडली.

आधी सगळ्यांना वाटलं, आत काहीच नाही. मग पंक्रातने हात घातला आणि हात थांबला. तीस किलोचा दगड होता, आणि दिसत नव्हता. पंक्रातने त्याच्यामागे कारखान्याचं साप्ताहिक धरलं आणि दगडातून वाचलं: ‘सातव्या कारखान्यात शुद्धतेचा विजय’. आणखी खाली, मुद्रकाचं मुंगीएवढं नाव, तेही वाचलं. मग तो फरशीवर बसला आणि सोललेल्या ओठाने ढसाढसा रडला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हाताला त्याच्या लायकीचा माल मिळाला होता.

रिम्मा कोन्द्रात्येव्नांनी चार वेळा मोजलं. चारही वेळा सहा नऊ. त्यांनी छापील अर्ज ओढला, पेन हवेत धरून त्या बराच वेळ बसल्या, आणि शेवटी ‘पूर्णतः अनुरूप’वर खूण केली. तिसरा चौकोनच नव्हता. सिमेंटला जे मिळालं तेच याला मिळालं.

मॉस्कोहून समिती आली. समितीच्या अध्यक्षांनी दगडाभोवती दोन चकरा मारल्या, त्यातून आपल्या हाताची बोटं मोजली, पाचही भरली, तेव्हा समाधानाने मान हलवली.

“अद्वितीय!” ते म्हणाले. “आता याचं पुढे काय?”

पंक्रातने बोलायला तोंड उघडलं, पण संचालक त्याच्या पुढे होता. “देशातला सर्वांत शुद्ध कच्चा माल आहे हा, कॉम्रेड. पुढच्या तिमाहीसाठी.”

“कच्चा माल?” पंक्रात ओरडलाच. “अहो, हा माल नाही, ही वस्तू आहे! कच्चा माल ज्याच्यासाठी असतो ना, ते हे! रुग्णालयात पाती नाहीत. माणसं आंधळी व्हायला बसलीत रांगेत. माझी बायको बसलीय!”

अध्यक्षांनी फाइल उघडली. “झाबोलोत्नी तुम्हीच ना? मग हा अर्ज कुणाचा? ‘स्वच्छ स्फटिक हवा असेल तर सर्वांत आधी शुद्ध कच्चा माल हवा.’ सर्वांत आधी! तुमचेच शब्द. मंत्रालयात हे वाक्य चौकटीत लावलंय, कॉम्रेड झाबोलोत्नी. आणि आता सर्वांत आधीचा क्रम आला तर तुम्हीच मागे सरता?”

“पण हा सहा नऊंचा आहे!”

“म्हणूनच तर! विचार करा, याच्यातून जो निघेल तो किती नऊंचा असेल.”

“आणि त्याचं काय कराल?”

अध्यक्षांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं जशा नजरेने आपण ‘आकाशाच्या वर काय असतं’ विचारणाऱ्या पोराकडे पाहतो.

दगड दळायचा मान, अर्थातच, पंक्रातला मिळाला. लाल फीत बांधली होती, बॅण्ड वाजत होता. पंक्रातचा हात कळ दाबायला तयार होईना, तेव्हा संचालकाने प्रेमाने त्यावर आपला हात ठेवला आणि दाबला. फोटो निघाला. जबड्यात दगड फुटताना एक मुठीएवढा तुकडा उसळून यंत्राखाली गेला. पंक्रात बुटाची नाडी बांधायला वाकला. पुढे वजनात काही कमी आलं नाही, कारण वजन आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं.

फाटकावरच्या रखवालदारीणबाईने त्याची पिशवी उघडली. पावाच्या पोटात तुकडा चमकला.

“हे काय?”

“दगड.”

“दगड?” तिने कपाळाला हात लावला. “अहो येगोरिच, इथून लोक स्पिरिट नेतात, तांब्याची तार नेतात, परवा एकाने अख्खं दार नेलं. तुम्ही सव्वीस वर्षांत एक खिळा नेला नाहीत, आणि नेलात तर काय, दगड? लाज वाटते हो मला तुमची. थांबा, ही स्पिरिटची बाटली तरी घेऊन जा, बरं दिसत नाही असं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पंक्रात आणि उस्तिन्या नेत्ररुग्णालयात हजर झाले. साहित्य स्वीकृतीच्या खिडकीसमोर मोठी रांग होती. खिडकीतल्या बाईंनी तुकडा घेतला.

“शुद्धतेचा दाखला?”

“दाखला दगडाबरोबर... म्हणजे, दगड दळला. हा त्यातलाच तुकडा. सहा नऊंचा आहे, बाई. बघा तरी डोळ्याला लावून.”

बाईंनी खरंच डोळ्याला लावला. तुकड्यातून त्यांना समोरच्या भिंतीवरची सूचना अगदी ठळक दिसली, आणि त्यांनी ती मोठ्याने वाचून दाखवली: “दाखल्याशिवाय कोणतीही वस्तू स्वीकारली जाणार नाही. घ्या तुमचा दगड.”

“अहो आजोबा, कागद नाही तर रांग कशाला अडवता?” मागून कुणीतरी ओरडलं. दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधलेला माणूस होता तो.

तेवढ्यात डॉक्टर सलामातिना बाहेर आल्या. त्यांनी तुकडा हातात घेतला, उजेडात धरला, आणि त्यांचा तिखट चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला.

“कुठे होतात इतके दिवस?” त्या कुजबुजल्या. “दाखला गेला खड्ड्यात. मी स्वतः तळघरात बसून पातं घासून घेते. उद्या सकाळी ऑपरेशन. फक्त रुग्णाची संमती लागेल. आजी, ऐकताय ना? हे बघा, तुमच्या नवऱ्याने आणलेला दगड.”

उस्तिन्याने हात पुढे केले. तिने तुकड्यावरून बोटं फिरवली, अंगठा फिरवला, गालाला लावून पाहिला.

“थंड आहे,” ती म्हणाली. “गुळगुळीत आहे. पंक्रात, दाखला आहे ना रे याचा?”

“नाही गं. पण मी केलाय. माझ्या हाताने. यातून मी मुद्रकाचं नाव वाचलंय, उस्तिन्या.”

“ते खरं रे.” तिने तुकडा डॉक्टरांच्या दिशेने, जरा चुकलेल्या दिशेने, परत केला. “पण डोळ्याचं काम आहे. एकच उरलाय. दाखला असलेलं काही नाही का तुमच्याकडे?”

होतं. जुन्या दुधाळ दगडाची तीन पाती उरली होती, तिन्हींना दाखले होते, तिन्ही पूर्णतः अनुरूप. पंक्रात रागावला, गयावया केली, शेवटी तिचे पाय धरले. “तू बायकोच्या शब्दाबाहेर कधी गेला नाहीस, आता का जातोस?” एवढंच ती म्हणाली. डॉक्टर सलामातिनांनी त्या पात्याला हात लावायला साफ नकार दिला. तेव्हा दाखला असलेल्या पात्याने, दाखला असलेल्या दुसऱ्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं.

तीन आठवड्यांनी पट्टी सुटली. रुग्णालयाने घरी जाताना एक कागद दिला. उस्तिन्या खिडकीपाशी बसली होती, बाहेर पहिला बर्फ पडत होता आणि तिचं तोंड भिंतीकडे होतं.

“वाच ना, काय लिहिलंय?”

“‘शस्त्रक्रिया यशस्वी,’” पंक्रातने वाचलं. “‘दृष्टी पूर्णतः अनुरूप.’”

“बघ!” ती भिंतीकडे बघून हसली. “मी म्हणत नव्हते? मग दिसतच असणार. सवय व्हायला वेळ लागतो एवढंच.” आणि तिने भिंतीवर हात ठेवून शेजारणीला हाक मारली की तुझे पडदे आता चांगले दिसताहेत हो. पंक्रातने तोंड फिरवलं आणि तो बाहेर बर्फात जाऊन उभा राहिला.

ही हकिगत मी एकदा चारचौघांत सांगितली. शिकलेली, वाचणारी माणसं होती, अगदी तुमच्यासारखी. मिशीला हसली, मांजरीला हसली, जबड्याच्या वेळी तर एकाला ठसका लागला. गोष्ट संपली. मग त्यांतल्या सगळ्यात समंजस माणसाने चष्मा पुसत विचारलं, “गोष्ट चांगली आहे हो. पण हे असं झालं, याला काही आधार? काही कागद वगैरे आहे का तुमच्याकडे?”

मी म्हटलं, नाही.

तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. तुम्हालाही वाटलंच असेल.